'द फेड आउट': खुनी सापडतो, पण न्याय होत नाही. हा शेवट तुम्हांला पुरा वाटतो का?

निशिगंध

एड ब्रुबेकर यांनी लिहिलेली आणि शॉन फिलिप्स यांनी चितारलेली 'द फेड आउट' ही चित्रकथा मी गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा वाचून पूर्ण केली. ऑगस्ट २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात इमेज कॉमिक्सने ती १२ अंकांत प्रसिद्ध केली आणि २०१६ साली तिला मर्यादित मालिकेसाठीचा आयस्नर हा चित्रकथांसाठीचा पुरस्कार मिळाला. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी केवळ सुरुवात सांगते. काळ १९४८ चा, स्थळ हॉलिवुड. चार्ली पॅरिश नावाचा पटकथालेखक रात्रीच्या मेजवानीनंतर स्टुडिओ सिटीतल्या एका बंगल्यात, न्हाणीघरातल्या टबमध्ये जागा होतो. दारूमुळे रात्रीचे त्याला जवळजवळ काहीच आठवत नाही. बाहेरच्या खोलीत व्हॅलेरिया सॉमर्स ही नटी गळा आवळलेल्या अवस्थेत मरून पडलेली असते, आणि चार्ली लिहीत असलेल्या चित्रपटाची ती नायिका असते. तो पोलिसांना बोलावत नाही. तो स्वतःच्या खुणा पुसतो आणि निघून जातो. त्यानंतर स्टुडिओकडून बातमी येते की तिने आत्महत्या केली.

चार्लीला सत्य ठाऊक आहे आणि ते सांगण्याची सोय त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकली आहे, हा या कथेचा पाया मला फार बळकट वाटतो. वाचकाला अखेरीस खुनी कोण हे कळते, परंतु कोणावर खटला चालत नाही आणि कोणाची खुर्ची हलत नाही. माझे मत असे की ही कथा 'कोणी मारले' यापेक्षा 'कोणाचे नाव कुठे लिहिले जाते' या प्रश्नाभोवती फिरते, आणि त्या दृष्टीने तिचा शेवट पूर्ण आहे. चार्लीचा मित्र गिल मेसन लिहितो आणि त्यावर नाव चार्लीचे लागते. व्हॅलेरियाचे मूळ नाव निराळे होते, ते लहानपणीच मागे पडले. मृत्यूच्या कारणासमोरसुद्धा खरे कारण लिहिले जात नाही. तुम्हांला काय वाटते? शेवट फोडायचा असेल तर प्रतिसादाच्या आरंभी तसे नमूद करावे, ही विनंती.

रानवाट

धागा आवडला, पण मताशी मी सहमत नाही. मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेला वाचक आहे. शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार उघडा पडतो आणि त्याला शासन होते, या विश्वासावर वाचक दीडशे पाने धीर धरतो. १२ अंक वाचून झाल्यावर 'असेच चालायचे' एवढाच निष्कर्ष हाती येत असेल, तर मला फसवणूक झाल्यासारखे वाटते. चार्लीचा भित्रेपणा लेखकाने इतक्या सहानुभूतीने रंगवला आहे की तो भित्रेपणा आहे हेच आपण विसरू लागतो.

दीपमाळ

रानवाट, तुमची तक्रार मला समजते, परंतु १९४८ हे वर्ष लेखकाने विचारपूर्वक निवडले आहे आणि ते लक्षात घेतल्याशिवाय चार्लीचे मौन नीट कळत नाही.

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीने हॉलिवुडमधील कम्युनिस्टांचा शोध घेण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये जाहीर सुनावण्या घेतल्या. दहा जणांनी 'तुम्ही पक्षाचे सभासद आहात किंवा होता काय' या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याचे नाकारले. त्यांत बहुतेक पटकथालेखक होते. नोव्हेंबरमध्ये सभागृहाने त्यांना अवमानाबद्दल दोषी धरले, आणि लगोलग न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जमलेल्या स्टुडिओप्रमुखांनी जाहीर केले की या दहांना काम मिळणार नाही आणि यापुढे कोणाही कम्युनिस्टाला जाणूनबुजून नोकरीवर ठेवले जाणार नाही. काळी यादी तेव्हापासून सुरू झाली. कथा सुरू होते तेव्हा या घोषणेला जेमतेम वर्ष झाले आहे.

यादीतल्या लेखकाकडे पोट भरण्याचा एकच मार्ग उरत असे: स्वतः लिहायचे आणि दुसऱ्याच्या नावावर विकायचे. डाल्टन ट्रम्बो यांचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे'ची कथा त्यांची होती, पण पडद्यावर नाव इयन मॅकलेलन हंटर यांचे होते आणि ऑस्करही त्यांच्याच नावे जाहीर झाले. पुढे 'द ब्रेव्ह वन'च्या कथेसाठी 'रॉबर्ट रिच' या नावाला ऑस्कर मिळाले, आणि असा लेखक अस्तित्वातच नव्हता. ती ऑस्करची बाहुली ट्रम्बोंना १९७५ साली मिळाली. 'रोमन हॉलिडे'ची त्यांच्या मृत्यूनंतर १९९३ साली कुटुंबाला देण्यात आली, आणि त्या चित्रपटाच्या श्रेयात लेखकसंघाने त्यांचे नाव परत घातले ते २०११ साली. निशिगंध यांनी नावाचा जो मुद्दा काढला आहे, त्याला इतिहासाचा एवढा भक्कम आधार आहे.

निशिगंध

मनःपूर्वक धन्यवाद, दीपमाळ. यात एक भर घालते. ब्रुबेकर यांना हा काळ केवळ पुस्तकांतून कळलेला नाही. पटकथालेखक जॉन पॅक्स्टन हे त्यांचे नात्याने काका. पॅक्स्टन यांनी १९४७ चा 'क्रॉसफायर' लिहिला. त्याचे दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिक आणि निर्माते एड्रियन स्कॉट हे दोघेही त्या दहांपैकी होते. ज्या माणसाचे दोन निकटचे सहकारी एकाच वेळी तुरुंगाच्या दिशेने गेले, त्याच्या घरातल्या गप्पांमधून आलेली आच या कथेत जाणवते.

मालती_क

(पुढील मजकुरात कथेतील काही तपशील उघड होतात.)

मला एक गोष्ट स्पष्टपणे मांडायची आहे. गुन्हेकथेचा आरंभ सुंदर मृत तरुणीने करायचा आणि नंतर पुरुषांच्या पश्चात्तापाची कथा सांगायची, हा साचा फार जुना आहे आणि 'द फेड आउट' त्यातून पुरती सुटत नाही. व्हॅलेरिया आपल्याला दिसते ती बहुतेक इतरांच्या आठवणीतून. चार्लीला ती हळवी वाटते, स्टुडिओला ती गुंतवणूक वाटते, गिलला ती संतापाचे निमित्त वाटते. तिला स्वतःला काय वाटत होते हे फार उशिरा आणि फार थोडे कळते.

असे असूनही मी ही कथा बाजूला ठेवू शकले नाही, त्याचे कारण तिचे बालपण. बालकलाकार म्हणून तिच्यावर जे अत्याचार झाले आणि ते करणारा माणूस स्टुडिओच्या संस्थापकांपैकीच एक होता, हा भाग ज्या संयमाने मांडला आहे त्याने मी हादरले. तेथे एकही चित्र उत्तान नाही. परंतु माझ्या मते खरी नायिका माया सिल्व्हर असायला हवी होती. मृत नटीच्या जागी तिला घेतात, तेच प्रसंग पुन्हा चित्रित करतात, आणि आपण कोणाच्या जागेवर उभ्या आहोत हे माहीत असताना तिला कॅमेऱ्यासमोर हसावे लागते. तिच्या नजरेतून सांगितलेली कथा मी अधिक आतुरतेने वाचली असती.

रेघोटी

मालतीताई, मायाबद्दल पूर्ण अनुमोदन. मी व्यवसायाने चित्रकार आहे, म्हणून तिच्या संदर्भात चित्रांबद्दल लिहितो. मायाच्या चेहऱ्यावर फिलिप्स दोन प्रकारचा प्रकाश टाकतात. छायाचित्रकारांसमोर ती उभी असते तेव्हा चेहरा सपाट उजळलेला असतो. दार बंद झाले की अर्धा चेहरा शाईत बुडतो. संवाद न वाचताही कळते की आता ती कोणासाठी हसत नाही. त्यांची पाने सहसा तीन आडव्या ओळींत विभागलेली असतात, दिखाऊ मांडणी नसते, त्यामुळे एखादी चौकट पूर्ण काळी आली की ती डोळ्यांवर आदळते. चार्लीच्या स्मृतीतली भगदाडे दाखवायला त्या काळ्या चौकटी पुरेशा ठरतात.

आणखी एक बारकावा सांगतो. न्वार पद्धतीच्या, म्हणजे काळोख्या आणि निराश सुराच्या गुन्हेकथांत निवेदन बहुधा नायकाच्या तोंडून, 'मी'च्या भाषेत येते. येथे चौकटींतले निवेदन तृतीयपुरुषी आहे. ज्याला स्वतःची रात्र आठवत नाही, ज्याचे लेखन दुसऱ्याचे आहे, त्याला 'मी' म्हणण्याचा अधिकार कुठून असणार? ही निवड मला फार मोलाची वाटते.

काजळमाया

मला एक शंका आहे. न्वार म्हटले की कृष्णधवल हवे. मग ही कथा रंगीत का? दोन-चार पाने पाहिली आणि गुलाबी-नारिंगी छटा पाहून मन हिरमुसले.

रेघोटी

काजळमाया, शंका रास्त आहे, पण कृपया पुन्हा एकदा पाने पाहा. रंग एलिझाबेथ ब्राइटवायझर यांचे आहेत. त्या रेषेच्या आत बेतशीर रंग भरत नाहीत. त्यांचे पट्टे रेषा ओलांडून वाहतात, जणू शेजारच्या खिडकीतून उजेड अंगावर सांडला आहे. फिलिप्स यांची शाई रंगाशिवायही उभी राहते, म्हणून रंगाला तेथे वस्तू ओळखू येण्यासाठी राबावे लागत नाही, तो मनःस्थिती सांगायला मोकळा राहतो. आणि हॉलिवुड हे मुळात रंगवलेले शहर आहे. तेथला काळोख गुलाबी भिंतीच्या मागे असतो, हे दाखवायला रंगच लागतात.

एका जाणकार कलावंताचा हात ओळखण्याचा माझा नेहमीचा मार्ग म्हणजे तिचे काम मनातून काढून पाहणे. या पानांतून रंग वजा करून पाहिले तर १९४८ ची ती उन्हाळी, धुरकट दुपार नाहीशी होते. चित्रकथांत रंग देणाऱ्याचे नाव पुष्कळदा कोणाच्या लक्षातही राहत नाही, म्हणून ते येथे मुद्दाम लिहितो.

खोऱ्यातला_पांथस्थ

मी सॅन फर्नांडो खोऱ्यात १६ वर्षे राहतो आहे आणि स्टुडिओ सिटी माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. या धाग्यात त्या जागेबद्दल लिहावेसे वाटले.

स्टुडिओ सिटी हे नाव शब्दशः खरे आहे. मॅक सेनेट यांनी १९२८ च्या सुमारास तेथे स्टुडिओ उभारला आणि त्याभोवती वस्ती वाढली. पुढे ती जागा रिपब्लिक पिक्चर्सकडे गेली. डोंगराच्या पलीकडे हॉलिवुड, अलीकडे हे खोरे, आणि मध्ये काहुएंगा खिंड. १९४८ साली त्या खिंडीतून पॅसिफिक इलेक्ट्रिकची तांबडी ट्राम धावत होती, ती १९५२ मध्ये बंद झाली. चार्ली पहाटे ज्या भागातून चालत बाहेर पडतो, तेथे आजही लहान बंगले आणि बोगनवेल आहे. लॉस एंजेलिस नदी मात्र १९३८ च्या पुरानंतर काँक्रीटच्या पन्हळीत बांधून काढली गेली, आणि नदीला असे बांधलेले पाहण्याची सवय मला इतक्या वर्षांतही झालेली नाही.

हॉलिवुड बुलव्हार्डवर म्युसो अँड फ्रँक नावाचे भोजनगृह आहे, ते १९१९ पासून सुरू आहे. जुन्या काळचे पटकथालेखक तेथे बसत. मी प्रथम गेलो तेव्हा लाल चामड्याच्या बाकावर बसून बराच वेळ काही न बोलता इकडेतिकडे पाहत राहिलो. डोंगरावरची ती प्रसिद्ध अक्षरेसुद्धा १९४८ साली आजच्यासारखी नव्हती. १९२३ मध्ये घरे विकण्याची जाहिरात म्हणून ती 'हॉलिवुडलँड' अशी उभारली होती. शेवटची चार अक्षरे १९४९ मध्ये काढण्यात आली. कथेच्या वर्षी ती मोडकळीस आलेली जाहिरातच होती.

सांजवेळ

पांथस्थ, फार सुंदर प्रतिसाद. वाचताना त्या बाकावर बसून आल्यासारखे वाटले.

दीपमाळ

स्टुडिओची 'बातमी' तयार होण्याची जी यंत्रणा कथेत आहे, तिच्याबद्दल थोडे लिहितो, कारण काही वाचकांना स्टुडिओचा सुरक्षाप्रमुख फिल ब्रॉडस्की हे पात्र अतिरंजित वाटते. मेट्रो-गोल्डविन-मेयर स्टुडिओत एडी मॅनिक्स आणि प्रसिद्धीप्रमुख हॉवर्ड स्ट्रिकलिंग हे दोघे नटनट्यांच्या खाजगी अडचणी वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचू नयेत यासाठी ओळखले जात. स्टुडिओच्या पदरी स्वतःचे डॉक्टर असत, पोलिसांत ओळखी असत. लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर यांच्या वर्तमानपत्रांतल्या, नटनट्यांच्या खाजगी बातम्या देणाऱ्या स्तंभांचा धाक सर्वांना होता, म्हणून त्यांना काय सांगायचे आणि काय नाही याचा हिशेब रोज मांडला जाई. १९३५ मध्ये लोरेटा यंग यांना झालेली मुलगी पुढे 'दत्तक घेतली' म्हणून जगासमोर आणली गेली. तिचे वडील क्लार्क गेबल होते, हे त्या मुलीने १९९४ साली स्वतःच्या पुस्तकात लिहिले. जगभर ओळखल्या जाणाऱ्या दोन चेहऱ्यांचे मूल एवढा काळ लपू शकते, तर एका नवख्या नटीच्या मृत्यूचे कारण बदलायला किती लोक लागले असते?

नटांच्या करारांत नीतिमत्तेचे कलम असे आणि करार सात-सात वर्षांचे असत. काम नाकारले तर निलंबन होई आणि ते दिवस कराराच्या शेवटी जोडले जात. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड यांनी याविरुद्ध लढा दिला आणि १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेवरची सात वर्षे, असा निर्णय दिला. डॉटी क्विनसारखी प्रसिद्धी विभागातली हुशार मुलगी जे काम हसतमुखाने करते, त्याच्यामागे असे कागद असतात.

पडद्यामागे

मी या धाग्यावर केवळ वाचक राहणार होतो, पण नावाच्या मुद्द्यामुळे लिहीत आहे. मी मुंबईत दूरचित्रवाणी मालिकांसाठी संवाद लिहितो. काही वर्षांपूर्वी एका मालिकेचे जवळपास ७० भाग मी लिहिले आणि श्रेयनामावलीत नाव दुसऱ्याचे आले. कारण विचारले तेव्हा 'पुढच्या मालिकेत बघू' असे उत्तर मिळाले. मला कोणी तुरुंगात टाकले नाही, माझा छळ झाला नाही, पैसेही बहुतेक मिळाले. तरीही घरी आई मालिका पाहायला बसायची आणि शेवटी नावे सरकू लागली की मी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जात असे.

म्हणून गिल मेसन मला परका वाटत नाही. त्याचे दारू पिणे, चारचौघांत चार्लीवर धावून जाणे, स्वतःचा नाश ओढवून घेणारी ती निनावी पत्रे लिहिणे, हे सर्व अविचाराचे आहे. पण ज्याच्या शब्दांवर कोणाचेही नाव लावता येते, तो माणूस कधीतरी असे काही लिहू पाहतो की ते त्याचेच आहे हे प्रत्येकाला कळावे. त्या पत्रांना सही नाही, तरी ती त्याने स्वतःसाठी लिहिली आहेत. आणि हे विसरता येत नाही की समितीला गिलचे नाव चार्लीने सांगितले, तेही गिलच्याच सांगण्यावरून, निदान एकाला तरी काम करता यावे म्हणून. मैत्रीतला असा व्यवहार ब्रुबेकर यांनी कोणालाही खलनायक न करता लिहिला आहे.

निशिगंध

पडद्यामागे, तुम्ही लिहिलेत याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत हे सुचत नाही. गिलच्या पत्रांचा हा अर्थ दोन वाचनांत माझ्या लक्षात आला नव्हता.

रानवाट

मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण त्यात बदल करतो. दीपमाळ आणि पडद्यामागे यांचे प्रतिसाद वाचल्यावर चार्लीला भित्रा म्हणण्याची माझी घाई झाली असे वाटते. तरीही एक प्रश्न उरतो. त्या काळात खरोखर कोणालाच शासन झाले नाही का? वास्तवात थोडाही न्याय झाला असेल, तर कथेने तो पूर्णपणे नाकारणे हेही एक प्रकारचे असत्यच नव्हे का?

दीपमाळ

रानवाट, तुमच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि ते विलक्षण आहे. १९४७ च्या सुनावण्या ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाल्या ते जे. पार्नेल थॉमस पुढे आपल्या कार्यालयात खोटे कर्मचारी दाखवून त्यांचे पगार लाटल्याबद्दल दोषी ठरले. त्यांना कनेक्टिकटमधल्या डॅनबरी येथील तुरुंगात पाठवण्यात आले. त्याच तुरुंगात त्या दहांपैकी रिंग लार्डनर कनिष्ठ आणि लेस्टर कोल हे दोघे त्यांच्यासोबत शिक्षा भोगत होते. म्हणजे शासन झाले, पण वेगळ्याच गुन्ह्यासाठी. माणसांची आयुष्ये मोडली त्याबद्दल कोणाला काही झाले नाही.

मोठ्या स्टुडिओंनाही धक्का बसला तो असाच आडवाटेने. ३ मे १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला आणि त्यानंतर स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे वेगळी करावी लागली. साम्राज्ये खचली ती मक्तेदारीच्या कायद्यामुळे, व्हॅलेरियासारख्या मुलींमुळे नव्हे. कथेने न्याय नाकारला असे मी म्हणणार नाही. जो झाला नाही तो तिने झाला असे दाखवले नाही.

मालती_क

हे पटले. आता मूळ प्रश्नाकडे येते. निशिगंध, तुम्ही विचारले होते की शेवट पुरा वाटतो का. मला तो पुरा वाटतो, पण समाधान होत नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे या चर्चेमुळे मला स्वतःपुरते स्पष्ट झाले. शेवटच्या पानांत चार्लीला सर्व काही समजते आणि ते घेऊन जायला त्याच्याकडे जागा नसते. मी ते पान मिटले तेव्हा मला चार्लीपेक्षा मायाची अधिक काळजी वाटत होती. ती अजून त्याच इमारतीत कामाला जाते आहे.

काजळमाया

दहा दिवसांनी परत आलो आहे. रेघोटी यांच्या सांगण्यावरून तिन्ही खंड मिळवले आणि सलग तीन रात्रींत वाचले. रंगांबद्दलचे माझे मत मी आनंदाने बदलतो. विशेषतः कृत्रिम उजेडातले चित्रीकरण आणि रात्रीचा रस्ता यांत रंगाने जो भेद केला आहे, तो कृष्णधवलात साधला नसता.

मूळ प्रश्नाबद्दल मला एक गोष्ट जाणवली. व्हॅलेरियाचे प्रसंग मायाला घेऊन पुन्हा चित्रित होतात, म्हणजे ज्या चित्रपटाची ती नायिका होती त्यातून ती काढून टाकली जाते. स्टुडिओला हे सहज जमते, कारण फिल्म कापता येते. शेवट वाचून झाल्यावर मी पहिला खंड पुन्हा उघडला. ती खोली होती आणि ती तेथेच होती. पहिल्या वेळी मी त्या चित्रावरून पुढे काय होते हे पाहायला घाईने सरकलो होतो. या वेळी मी ते पान बराच वेळ उलटले नाही.